एकाच रानात दोन बाजऱ्या: तालेन्सी घरांची पेरणी, खुडणी आणि कोठार

जुलै अर्ध्यावर आला की घानाच्या उत्तर टोकाला, टोंगो गावाच्या आसपास, बाजरीची कणसं खुडायला सुरुवात होते. पाऊस तेव्हा ऐन भरात असतो. आपल्याकडे बीड-अहिल्यानगर भागात त्या सुमारास बाजरी जेमतेम वीतभर आलेली असते. भर पावसात बाजरी का काढायची, ती वाळवायची कशी, आणि त्याच रानात शेजारी उभी असलेली दुसरी बाजरी नोव्हेंबरपर्यंत का थांबते, हे नीट समजून घेतलं की तालेन्सी लोकांचं घर कसं चालतं याचाही बराचसा उलगडा होतो.

तालेन्सी लोकांचा मुलूख घानाच्या अप्पर ईस्ट प्रांतात, बोल्गाटांगा शहराच्या आग्नेयेला आहे. टोंगोच्या टेकड्या म्हणजे ग्रॅनाइटचे मोठमोठे गोटे आणि त्यांच्या पायथ्याशी रेताड, उथळ माती. मेयर फोर्टेस या मानववंशशास्त्रज्ञांनी 1934 ते 1937 या काळात इथे राहून घरं, कुळं आणि शेती यांचा इतका बारकाईने अभ्यास केला की आजही कुटुंबव्यवस्थेवर लिहिताना तालेन्सींचा दाखला दिला जातो. तेव्हा त्यांची लोकसंख्या 35 हजारांच्या आसपास होती. कुळांचे दोन मोठे गट आहेत. नामू कुळं स्वतःला दक्षिणेकडच्या माम्प्रुगू राज्यातून आलेली मानतात आणि गावचे प्रमुख त्यांच्यातले असतात. ताली कुळं स्वतःला मूळची, याच मातीतली समजतात आणि भूमीच्या विधींचा मान असलेले तेंडाना त्यांच्यातले. पेरणीपूर्वीचा गोलिब उत्सव आणि सुगीचा बोआराम उत्सव या दोन्ही गटांनी आपापला वाटा उचलल्याशिवाय पार पडत नाहीत.

इथे पावसाळा एकच. एप्रिल-मेमध्ये वळवासारख्या तुरळक सरी, ऑगस्टमध्ये जोर, ऑक्टोबरमध्ये उघडीप. वर्षाला 900 ते 1000 मिलिमीटर. त्यानंतर पाच-सहा महिने थेंब नाही, वर सहाराकडून येणारा हरमॅटनचा कोरडा, धुळीचा वारा. थोडक्यात, वर्षभराचं धान्य सहा महिन्यांत उगवायचं आणि उरलेले सहा महिने कोठारातून काढून खायचं.

मुख्य पीक बाजरी, तीही दोन तऱ्हेची. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर एक हळवी, एक गरवी. हळवीला तिथे नारा म्हणतात. ती पहिल्या पावसावर पेरतात आणि 70 ते 90 दिवसांत ती तयार होते. गरवीही जवळपास त्याच वेळी किंवा थोडी मागून त्याच रानात पडते, पण तिला नोव्हेंबर उजाडतो. जोडीला ज्वारी असते, मधल्या जागेत चवळी.

हा फरक नुसता वाढीच्या वेगाचा नाही. गरवी बाजरी दिवसाची लांबी ओळखते. टोंगो विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे पावणेअकरा अंशांवर आहे, त्यामुळे तिथला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक फक्त सव्वा तासाचा. तेवढा फरक गरवीला पुरतो. दिवस एका ठरावीक मर्यादेखाली आखडल्याशिवाय ती पोटरीत येतच नाही. मे मध्ये पेरा की जूनमध्ये, निसवायची, म्हणजे कणीस बाहेर पडायची, वेळ फारशी हलत नाही: पावसाळ्याच्या शेवटाला. उशिरा पेरलेली फक्त बुटकी राहते. फायदा असा की दाणे भरतात तेव्हा जमिनीत ओल शिल्लक असते आणि आभाळ मोकळं होत आलेलं असतं. नारा मात्र दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नाही, आपले दिवस भरले की निसवते.

यातून आणखी एक गोष्ट साधते. बाजरी परपरागी आहे. एकाच कणसात आधी स्त्रीकेसर बाहेर येतात, परागकोश दोन-तीन दिवस मागून, त्यामुळे शेजारच्या ताटाचा पराग बसणार हे जवळजवळ ठरलेलंच. दोन जाती एकाच रानात लावल्या तर काही वर्षांत त्यांची सरमिसळ व्हायला हवी. पण नारा फुलते तेव्हा गरवी नुसती पाल्यात असते आणि गरवी फुलेपर्यंत नारा खुडून झालेली असते. म्हणून शेजारी उभ्या असूनही दोन्ही आपापल्या राहतात.

पेरणी घराला लागून असलेल्या रानात होते. मातीच्या गोल खोल्या भिंतींनी एकमेकींना जोडून केलेलं घर आणि त्याच्या चहूबाजूंनी त्याच घराचं रान, अशी ही वस्ती पसरलेली असते. या घररानाला विश्रांती कधीच मिळत नाही, दरवर्षी तेच पीक. ते टिकतं ते गोठ्यातलं शेण, शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या, राख आणि केरकचरा सतत पडतो म्हणून. लांबच्या रानाला खत पोचत नाही, म्हणून ते काही वर्षं पिकवून पडीक सोडायचं. भुईमूग आणि बंबारा नावाचा, जमिनीखाली शेंगा धरणारा वाटाण्यासारखा दाणा अशा लांबच्या जागांवर.

रान आधी कुदळीसारख्या आखूड दांड्याच्या फावड्याने खरवडून साफ करतात. चांगली सर पडली आणि माती खोलवर ओली झाली की टोकण. पुढचा माणूस उकिडवा न बसता, कंबरेत वाकूनच पावलागणिक आळं घेत जातो. मागून बाई किंवा पोर चिमूटभर बी टाकून टाचेने माती ओढतं. एका आळ्यात पाच ते दहा दाणे. ओळीत पाऊण मीटर आणि दोन आळ्यांत 30 सेंटिमीटर धरलं तर हेक्टरी सुमारे 44 हजार आळी होतात, म्हणजे टपोऱ्या दाण्याचं तीन ते पाच किलो बी. इतके दाणे एका जागी का? पाऊस पडून माती आवळली की एकटा कोंब वर येऊ शकत नाही, सात-आठ मिळून पापुद्रा फोडतात. दोन-तीन आठवड्यांनी, माती ओली असताना, विरळणी करून दोन-तीन रोपं ठेवायची. उपटलेली रोपं तुटाळीत, म्हणजे उगवण न झालेल्या जागी, लावता येतात. विरळणी महिनाभर लांबली तर रोपं एकमेकांशी भांडत काडीसारखी वाढतात आणि फुटवे धरत नाहीत. हे नुकसान पुढे कशानेही भरून येत नाही.

खरी जोखीम पहिल्या सरीचीच. एप्रिलच्या शेवटी पाऊस पडतो, बी उगवतं आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. रोपं करपतात, पुन्हा पेरावं लागतं. कधी तिसऱ्यांदा. म्हणून बी एका पेरणीपुरतं ठेवून चालत नाही. आणि नेमकं याच दिवसांत खायचं धान्यही तळाला गेलेलं असतं.

मे ते जुलै हे तिथले उपासाचे महिने. नोव्हेंबरमध्ये भरलेलं कोठार रिकामं होत आलेलं आणि खुरपणीचं काम सर्वांत जड. नारा याच खिंडीत उपयोगी पडते. उत्पन्नाने ती गरवीपेक्षा मोठी नसेल, पण जुलैच्या मध्यातलं एक पोतं आणि नोव्हेंबरमधलं एक पोतं यांची किंमत त्या घराला सारखी नाही.

खुरपणी आणि मातीची ओढाओढ हे पुरुषांचं काम. बाप, त्याची मुलं, एकत्र राहणारे भाऊ घरच्या रानात एका रांगेत लागतात. मोठं काम असेल तर शेजारपाजारच्या तरुणांना बोलावतात, दिवसभर काम आणि वर भरपेट जेवण व ज्वारीची पिटो ही बिअर. आपल्याकडच्या इर्जिकेची आठवण व्हावी असाच हा प्रकार. जावयाकडून एक वेगळी अपेक्षा असते: आपले मित्र-भाऊबंद घेऊन येऊन त्याने सासऱ्याचं रान खुरपून द्यायचं. लग्नाच्या देण्याघेण्यात गुरांइतकाच या श्रमाचा हिशेब असतो. मुलांकडे या काळात जनावरं. कोरड्या दिवसांत शेळ्या मोकाट असतात, पण रान उभं राहिलं की त्या खुंटाला बांधायच्या, गुरं वळायची, आणि कणसात दूध भरायला लागलं की पाखरं हाकायची. पाखरांचा थवा सकाळच्या दोन तासांत एखादी ओळ पोकळ करून जातो. म्हणून राखण उजाडायच्या आधीपासून.

नारा खुडताना ताट कापत नाहीत. पिकलेलं कणीस तेवढं काढून टोपलीत टाकायचं, कारण ताटांच्या मधून गरवी आणि ज्वारी वर येत असते आणि ती तुडवली जाता कामा नये. सगळी कणसं एका दिवशी पिकतही नाहीत, दोन-तीन फेऱ्या होतात. मोकळ्या झालेल्या हळवीची ताटं नंतर वाकवली किंवा काढली की मधल्या गरवीला ऊन मिळतं आणि ती जोमाने फुटवे धरते. हे लांबलं तर सावलीतली गरवी पिवळी पडते. एका पिकाचा उशीर दुसऱ्याला असा भोवतो.

वाळवण हा सर्वांत अवघड भाग. घराच्या काही खोल्यांना सपाट, चोपून गुळगुळीत केलेली मातीची धाबी असतात. कणसं त्यावर एका थरात पसरायची, दुपारी उलटायची. ढग आला की घरातली जी माणसं असतील ती सगळी धाब्यावर. मिनिटा-दोन मिनिटांत कणसं टोपल्यांत भरून आत. ओली कणसं रात्रभर ढिगात राहिली तर दुसऱ्या दिवशी ढिगात हात घातल्यावर ऊब लागते. त्याच्या पुढच्या दिवशी दाण्यांतून पांढरे मोड डोकावतात. मोड आलेला दाणा दळता येतो, पण साठवता येत नाही. दाताखाली कट्‌कन तुटेल इतका वाळला, म्हणजे ओल साधारण 12 टक्क्यांवर आली, की मगच तो ठेवायचा. नाराचा बराचसा माल म्हणूनच साठवणीच्या वाट्याला जातही नाही, उपासाच्या दिवसांतून उठलेलं घर तो खाऊन टाकतं.

नोव्हेंबरची सुगी याच्या उलट. आभाळ निरभ्र, वारा कोरडा, घाई फक्त पाखरांची आणि वाळवीची. पुरुष उंच ताटं आडवी पाडत पुढे जातात, मागून बाया आणि मुलं कणसं कापून टोपल्या डोक्यावरून घराकडे नेतात. धाटं वाया जात नाहीत. झोपडीचा आडोसा, कुंपण, चुलीचं जळण, सगळं त्यातून. झाडं कमी असलेल्या या मुलुखात जळणाचा हिशेब धान्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्यामुळे धाटं रानात कुजवा असं सांगणाऱ्याने आधी चुलीत काय घालायचं तेही सांगायला हवं.

कोठार मातीचं, मोठ्या रांजणाच्या घाटाचं, दगडांवर उचललेलं. खाली हवा खेळते, ओल चढत नाही, वाळवी आली तर दगडावरची तिची मातीची वाट लगेच दिसते. तोंड वर, माणूस कसाबसा आत उतरेल एवढं, त्यावर गवताची टोपी. खाचा पाडलेला ओंडका टेकवून वर चढायचं, टोपी बाजूला सरकवायची, आत उतरून कणसं टोपलीत भरायची. धान्य कणसातच ठेवतात. तुसांच्या आवरणात दाण्याला किडा उशिरा लागतो आणि कणसांमधून हवा फिरते. मळलेलं धान्य घट्ट बसतं आणि एका कोपऱ्यातला किडा सगळीकडे पोचतो. पिठाचं तर बोलायलाच नको. बाजरीत जवळपास पाच टक्के स्निग्धांश असतो. दळल्याबरोबर तो हवेला लागतो आणि पीठ आठवडाभरात कडवट होतं, हे भाकरी करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. म्हणून लागेल तेवढंच काढायचं, उखळात कांडायचं, पाखडायचं, दगडावर वाटायचं.

हे कोठार घरच्या कर्त्याच्या ताब्यात. तो स्वतः किंवा त्याने सांगितलेला धाकटा कोणी वर चढतो आणि काढलेलं धान्य बायकांना वाटून दिलं जातं. प्रत्येक बायकोची खोली आणि चूल वेगळी. ती स्वतःच्या भांड्यात घट्ट उकडीसारखं साब शिजवते, सोबत पाल्याचं किंवा भेंडीचं कालवण, आणि त्यातून नवऱ्याचा, मुलांचा, सासूचा वाटा जातो. भुईमूग, बंबारा, स्वतःच्या पट्टीतली भाजी हे तिचं स्वतःचं. कोठार रोडावलं की याच मालावर चूल पेटती राहते.

एवढी कडक मुठ कशासाठी, ते आकड्यांतून पाहा. दहा माणसांचं घर, लहानमोठे धरून माणशी दिवसाला 400 ग्रॅम धान्य, म्हणजे रोज चार किलो, महिन्याला 120. नोव्हेंबरच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत आठ महिने म्हणजे 960 किलो. वर पाहुणे, पिटो, पूर्वजांचे नैवेद्य आणि बी. सव्वा टन तरी हवं. खताशिवायच्या रानात हेक्टरी उत्पन्न एक टनाच्या आत राहतं. डिसेंबरमध्ये हात सैल सोडला तर मे मध्ये पोरं उपाशी राहतात, आणि मे मध्येच खुरपायला ताकद लागते.

कोठाराशी जोडलेला एक नियम फोर्टेस यांनी नोंदवला आहे आणि नामू कुळांत तो विशेष कडक होता. थोरला मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की बाप जिवंत असेपर्यंत त्याने कोठारात डोकावायचं नाही. बापाची टोपी-अंगरखा घालायचा नाही, त्याचं धनुष्य वापरायचं नाही. तो रानात बापाच्या खांद्याला खांदा लावून राबतो, कोठार भरणाराही तोच, पण आत किती आहे ते बघत नाही. बाप गेल्यावर अंत्यविधीच्या शेवटच्या टप्प्यात त्याला बापाचा अंगरखा उलटा करून घालतात, कुळातला वडीलधारा त्याला कोठारापाशी नेतो आणि आत बघायला लावतो. त्या क्षणापासून वर्षभराच्या भुकेची जबाबदारी त्याची. बापाला वाटतं की मुलगा आपली जागा घ्यायला टपला आहे, मुलाला वाटतं की आपण अजून पोरच. ही खदखद प्रत्येक शेतकरी घरात असते. तालेन्सींनी ती कोठाराच्या तोंडाशी नेमकी बांधून ठेवली. माझ्या मते या समाजाबद्दल समजून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आता पिकाच्या शत्रूंकडे. सर्वांत वाईट स्ट्रायगा, आपल्याकडे ज्वारीवर येणाऱ्या टारफुल्याची मोठी, जांभळ्या फुलांची बहीण. बी धुळीसारखं बारीक, एका झाडाला हजारोंनी, आणि मातीत दहा-दहा वर्षं जिवंत. बाजरीच्या मुळाचा स्राव लागला की ते रुजतं आणि मुळाला चिकटतं. जमिनीवर दिसण्याआधीच कित्येक आठवडे ते रस ओढत असतं, म्हणून फूल दिसल्यावर उपटून या हंगामाचं पीक वाचत नाही. तरीही बी धरण्यापूर्वी उपटायलाच हवं, पुढच्या वर्षांसाठी. शेणखत पडलेल्या घररानात ते कमी आणि दूरच्या कसदारपणा गेलेल्या रानात जास्त, हा फरक ठळक असतो. चवळी-भुईमुगाच्या काही वाणांच्या मुळांजवळ ते फसून रुजतं आणि यजमान न मिळाल्याने मरतं. मिश्रपिकाचा हाही एक लाभ.

दुसरा शत्रू केवडा हा बुरशीसारखा रोग. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचे झुपके येतात. त्याचे बीजाणू मातीत आणि वाळक्या पानांत टिकतात, म्हणून असं ताट दिसताक्षणी उपटून जाळायचं. नारा निसवताना सलग पाऊस लागला तर पराग धुऊन जातो, कणसं अर्धी पोकळ राहतात. त्यावर मात्र शेतकऱ्याच्या हातात उपाय नाही.

या मुलुखाची बाजरी जुनी आहे. टोंगोच्या आग्नेयेला गाम्बागाजवळच्या बिरिमी इथल्या उत्खननात ख्रिस्तपूर्व 1700 च्या सुमाराचे बाजरीचे दाणे सापडले आहेत. आणि तिचा महाराष्ट्राशी संबंध अगदी अलीकडचा आहे. घाना, टोगो, बेनिन आणि बुर्किना फासो जिथे एकमेकांना भिडतात तिथली ही हळवी, टपोऱ्या गोल दाण्याची बाजरी इनियाडी गटातली. उत्तर टोगोतल्या याच गटाच्या बियाण्यातून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेत आयसीटीपी 8203 हा वाण निवडला गेला आणि 1988 मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला. लवकर येणारा आणि दाणा मोठा, म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याने तो उचलला. त्यातूनच पुढे जास्त लोह असलेला धनशक्ती हा वाण निघाला आणि 2012 पासून महाराष्ट्रात पोचला. म्हणजे नाराची सख्खी भावंडं आपल्या ताटात आहेत.

तिकडे मात्र घररानात मका घुसला आहे. खत मिळालं तर तो जास्त पिकतो, नाही मिळालं तर कोलमडतो. नांगराला बैल किंवा गाढव आलं आहे, तरुण मुलं कोरड्या दिवसांत दक्षिणेकडे कुमासीला किंवा जवळच्या सोन्याच्या खाणींवर जातात आणि काहीजण पेरणीला परतत नाहीत. हात कमी झाले की आधी दूरची रानं सुटतात, मग दुसरी खुरपणी सुटते, आणि भर पावसातली राखण-वाळवणाची झटापट मागणारी नारा तिसरी.

जी घरं नारा टिकवून आहेत ती बियाण्याची कणसं उभ्या पिकातच हेरतात. रानाच्या मधल्या भागातली, कडेची नव्हे. शेंड्यापर्यंत भरलेली, पाखरांनी न टोचलेली, लवकर पिकलेल्या ताटांची. पाच-पंचवीस चांगल्या कणसांवर भागवायचं नाही, शे-दोनशे तरी घ्यायची, नाहीतर परपरागी पिकाचा जोम चार-पाच वर्षांत ओसरतो. ती खाण्याच्या ढिगात मिसळत नाहीत. देठांना गाठ मारून जुड्या करायच्या आणि चुलीच्या वर छपराला टांगायच्या. धुराने काळवंडलेल्या त्या जुड्यांना किडा लागत नाही, आणि मे महिन्यात कोठार कितीही खाली गेलं तरी त्यांना कोणी हात लावत नाही.